भाऊजींचा ऑफ-सीझन

ओमानमध्ये उतरणारा प्रत्येक प्रवासी, मग तो जर्मन असो, जपानी असो की जळगावचा, हा आपल्याच घरी आलेला पाहुणा आहे आणि तो खूश होऊन परत गेला नाही तर त्याचं पाप थेट आपल्या माथी बसणार आहे, असं मनापासून मानणारा माणूस साऱ्या आखातात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, हे यजमान. ती त्यांना भाऊजी म्हणते म्हणून मीही भाऊजीच म्हणत आलो. नात्याच्या हिशेबात हे बसत नाही असं सासरच्या एका जाणकार आत्याबाईंनी मला चारचौघांत सुनावलंही होतं. पण ज्या माणसाला दारावरच्या शिपायापासून अर्बाबपर्यंत, म्हणजे खुद्द मालकापर्यंत, सगळे ‘सर’ म्हणतात, त्याला नुसतं नावानं हाक मारायला माझी जीभ रेटत नसे. मस्कतला समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात ते फ्रंट ऑफिस मॅनेजर होते. म्हणजे आत शिरल्याबरोबर संगमरवरी टेबलामागे जी मंडळी हसत उभी असतात, त्यांचे मुख्य. ही मंडळी ड्युटी संपली की घरी जाऊन गाल चोळत बसत असतील असा माझा समज होता. भाऊजींचे गाल कधी दुखले नाहीत. ते झोपेतही हसतात, असं ताई सांगायच्या. आणि पुढे अगदी शांतपणे जोड द्यायच्या, "मी दिवा लावला की बंद होतं. घरचं माणूस दिसलं की ड्युटी संपली ना!"

गाला भागात एअरकंडिशनर विकणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरून मी पहिल्यांदा बायकोसह मस्कतला उतरलो, तेव्हा भाऊजी आम्हाला न्यायला आले होते. पार्किंगमध्ये त्यांनी गाडीची डिकी उघडली, बर्फाच्या पेटीतून घडी घातलेले दोन थंडगार ओले रुमाल काढले आणि चिमट्यानं आमच्या हातावर ठेवले. मग खजूर. मग थर्मासमधून वेलचीचा वास येणारा काहवा, इथली कॉफी. "वेलकम टू ओमान," असं त्यांनी सख्ख्या मेहुणीला इंग्रजीत सांगितलं. तिला हसू आवरेना. इतक्यात शेजारच्या खांबापाशी एक म्हातारं परदेशी जोडपं सामानावर बसलेलं त्यांना दिसलं. त्यांना न्यायला येणारी गाडी आलेली नव्हती. ते भाऊजींच्या हॉटेलात उतरणारेही नव्हते. त्यांचं बुकिंग समोरच्या, प्रतिस्पर्धी हॉटेलात होतं. पण भाऊजींच्या लेखी हे सारे तपशील गौण. पुढच्या सीटवर आजोबा बसले, मागे आजीबाई, माझी बायको आणि मी, आणि उरलेलं सगळं सामान माझ्या मांडीवर. वाटेत भाऊजी उजवीकडे मशीद, डावीकडे डोंगर, असं आजोबांना दाखवत होते. बॅगांच्या आडून मला यातलं काहीच दिसत नव्हतं. तसं म्हटल्यावर मान अर्धी वळवून ते मराठीत म्हणाले, "तुम्ही काय साडूभाऊ, राहायलाच आलाय. हे बिचारे चार दिवसांत जाणार." तेव्हा मला ते वाक्य गमतीचं वाटलं. त्यांच्या घरात त्या वाक्यावरच सगळा कारभार चालतो, हे कळायला बराच काळ जावा लागला.

मस्कतमधल्या रुवीतला त्यांचा फ्लॅट म्हणजे त्या हॉटेलाची बिनपगारी शाखा होती. पलंगावरची चादर ते स्वतः अशी आवळून खोचत की आत पाय घालायला आधी हाताने फट पाडावी लागे. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या टॉवेलचे हंस होत. एकदा माझ्या सासूबाई राहायला आल्या असताना अंघोळीला गेल्या त्या ओल्याच बाहेर आल्या, म्हणाल्या, "एवढं छान पाखरू केलंय, मोडवत नाही रे बाबा." जेवण झालं की भाऊजी ताटाजवळ येऊन किंचित झुकून उभे राहत आणि विचारत, "सगळं ठीक? आमटीबद्दल काही सूचना?" आमटी ताईंनी केलेली असे. गणपतीतही तेच. दीड दिवसाच्या मूर्तीचं विसर्जन दुसऱ्या दिवशी दुपारी व्हायचं, पण भाऊजींना ते जिवावर येई. "आपल्याकडे लेट चेक-आउट कुणालाही नाकारत नाहीत," म्हणून ते संध्याकाळपर्यंत बाप्पाला मुक्काम वाढवून देत. त्यांची मुलगी इंडियन स्कूलमध्ये शिकणारी, मराठी बोलताना दर दोन शब्दांनी अडखळणारी, तिनं एकदा भाबडेपणानं विचारलं, "काका, बाप्पा पण टूरिस्ट आहे का? मग पप्पा त्याच्याशी जास्त बोलतील." ताईंनी तिला प्रसादाची वाटी आणायला आत पाठवलं.

स्वतः पाहुणा होणं मात्र या माणसाला कधी साधलं नाही. सांगलीला एका लग्नात आम्ही सगळे गेलो होतो. भाऊजी सूटबूट घालून पंगतीच्या तोंडाशी उभे. हात मागे, मान किंचित तिरकी, नजर प्रत्येक पानावर. लोकांना वाटलं, हाच केटररचा मॅनेजर. वरपक्षाकडच्या एका जाड मिशांच्या गृहस्थांनी त्यांना खूण करून बोलावलं आणि जिलबी गार असल्याबद्दल खणखणीत सुनावलं. "आम्ही काय शिळं खायला आलोय काय?" भाऊजींनी एका शब्दानं सांगितलं नाही की मी नवरीचा सख्खा मामा आहे. त्यांनी छातीवर हात ठेवून माफी मागितली, आत गेले, आचाऱ्याला गोंजारून नवा घाणा काढायला लावला आणि गरम जिलबी स्वतः आणून वाढली. ते गृहस्थ इतके विरघळले की जाताना त्यांनी भाऊजींचा हात हातात घेऊन विचारलं, "पुढल्या वर्षी आमच्या धाकट्याचं आहे. तुमचा दर काय?" संध्याकाळी हे सांगताना आम्ही पोट धरून हसत होतो. ताई हसल्या नाहीत. मामा म्हणून मांडवात शेजारी उभं राहायला आणि अक्षता टाकायला त्यांनी भाऊजींची वाट पाहिली होती, आणि अक्षता पडल्या तेव्हा भाऊजी स्वयंपाकघरात जिलबीपाशी होते.

दरवर्षी पर्यटनाचे आकडे वर्तमानपत्रात आले की भाऊजींच्या घरी सण असे. इतके प्रवासी वाढले, इतक्या खोल्या भरल्या, हॉटेलांचं उत्पन्न इतक्या टक्क्यांनी चढलं, हे ते उभ्या उभ्या मोठ्यानं वाचून दाखवत. घरातलं पोर बोर्डात आल्यावर एखादा बाप ज्या आवाजात बातमी वाचेल, तो आवाज. मग मत्रा बाजारातून केशर घातलेला ओमानी हलवा येई आणि इमारतीत वाटला जाई. खालच्या मजल्यावरच्या मल्याळी नर्सबाईंना वर्षानुवर्षं वाटत होतं की हा महाराष्ट्राचा कसला तरी व्रताचा दिवस आहे. "अरे, आम्ही आलो तेव्हा काय होतं इथं?" भाऊजी मला सांगत. "थंडीचे चार महिने गोरे लोक यायचे, की खलास. पुढे लॉबीत माशा मारायच्या. आता बघा! थंडीत युरोप, वसंतात प्रवाशांच्या बोटी, उन्हाळ्यात सलालाच्या पावसाला जाणारे अरब, मधल्या काळात परिषदा, लग्नं. आता उदयपूर सोडून लोक मस्कतला लग्न करायला येतात, साडूभाऊ!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळे, जणू त्या साऱ्यांना अक्षत देऊन हेच बोलावून आले होते. ताई हलव्याच्या वाट्या भरता भरता एकदा म्हणाल्या, "देशाची प्रगती झाली, छान झालं. आमचा ऑफ-सीझन तेवढा गेला."

हा ऑफ-सीझन त्या घरात किती महत्त्वाचा होता, ते सांगायला हवं. ताईंची सगळ्या ओमानात एकच इच्छा होती. जबल अख्दर म्हणून इथे एक उंच डोंगर आहे. खाली वाळवंट भाजत असताना वर गारवा असतो, आणि वसंतात त्या डोंगरातल्या गावांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत गुलाब फुलतात. तिथली माणसं मातीच्या भट्टीवर त्यांचं गुलाबपाणी काढतात. ते ताईंना बघायचं होतं. त्याचं वेड त्यांना भाऊजींनीच लावलेलं. भाऊजी त्या डोंगराचं वर्णन असं करत की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. पहाटे दव असतानाच पाकळ्या कशा खुडतात, धूर कसा निळसर असतो, म्हाताऱ्या माणसांच्या बोटांना वास कसा चिकटून राहतो. हॉटेलातले कितीतरी पाहुणे त्यांच्या बोलण्यावर भाळून डोंगरावर गेले आणि परत येऊन त्यांना मिठ्या मारून गेले. एकदा त्या डोंगराच्या वाटेवरच्या निझव्याला आम्ही दोघं कुणाच्या तरी कामासाठी गेलो होतो. परतताना मी विचारलं, "भाऊजी, डोंगराचा फाटा कुठला हो?" भाऊजी खिडकीतून इकडेतिकडे बघू लागले. मग कसनुसं हसून म्हणाले, "पाटी असेल बघा कुठेतरी." तेव्हा मला कळलं की हा माणूस तिथे कधी गेलाच नव्हता. वाळूच्या टेकड्या, खोल दऱ्यांतले हिरवे डोह, कासवांचे किनारे, ज्यांच्याविषयी ते तासन् तास बोलत, त्यातलं एकही त्यांनी पाहिलं नव्हतं. जाऊन आलेल्या पाहुण्यांनी सांगितलं, ते यांनी पुढच्या पाहुण्यांना सांगितलं.

"सीझन संपला की जाऊ," हे ते ताईंना सांगत. गुलाब फुलतात ऐन सीझनमध्ये. सीझन संपतो तेव्हा गुलाबही संपतात. ही अडचण भाऊजींच्या ध्यानात आली नसेल असं मला वाटत नाही. दरवर्षी एखादी बोट मत्राच्या बंदराला लागे, एखादं शिष्टमंडळ येई, एखाद्या नव्या हॉटेलानं यांचे दोन लोक पळवलेले असत. "पुढच्या वर्षी इन्शाल्ला नक्की," भाऊजी म्हणत. ताई मला म्हणायच्या, "तुमच्या भाऊजींनी एवढ्या वर्षांत अरबीतला एकच शब्द मनापासून उचलला."

एका वर्षी मात्र सगळं ठरलं. घाट चढणारी फोर-व्हील ड्राइव्हची मोठी गाडी भाड्यानं घेतली, ताईंनी दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी केली, आम्ही दोघंही निघालो. शुक्रवारची सकाळ. गाडी सुरू झालेली, ताई पुढच्या सीटवर नवी निळी साडी नेसून बसलेल्या. तेवढ्यात भाऊजींचा फोन वाजला. इटालियन लोकांची एक बस आली होती आणि त्यांचं सामान भलत्याच देशात गेलं होतं. "अर्ध्या तासात आलो," म्हणून भाऊजी टॅक्सी करून गेले. आम्ही वर आलो. दुपार झाली तशी ताईंनी गॅलरीत चटई अंथरली, डबा उघडला आणि आम्हाला वाढलं. "ही पण पिकनिकच," त्या म्हणाल्या. माझी बायको चिडली. "ताई, पुढच्या आठवड्यात आम्ही नेतो तुला. त्यांची वाट कशाला बघतेस?" ताईंनी दशमीचा तुकडा मोडला. "गुलाब काय ग, रुवीच्या बाजारातही मिळतात," त्या म्हणाल्या. "मला यांच्याबरोबर जायचंय." संध्याकाळी भाऊजी आले ते आनंदानं फुलून. त्यांनी स्वतःचे सदरे इटालियन आजोबांना घालायला दिले होते आणि ते सदरे त्यांना कसे झकास बसले हे ते आम्हाला सांगत राहिले. ताईंनी निळी साडी बदलल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मग करोना आला आणि हॉटेलं ओस पडली. भाऊजींनी त्या दिवसांत जणू सुतक पाळलं. हॉटेलात मोजकी माणसं ठेवली होती, त्यांत हे होते. ते रोज इस्त्रीचा कोट घालून जात, रिकाम्या लॉबीत दिवे लावत, खोल्याखोल्यांतून फिरून नळ सोडत, पाणी नळात साचून राहू नये म्हणून. बाहेर पडताना बंद लिफ्टला ‘हॅव अ गुड डे’ म्हणताना त्यांना एका पहारेकऱ्यानं पाहिलं होतं. ताईंनी त्यांना विचारलं, "अहो, आता तर कुणीच नाही. आता जाऊ या का?" पण तेव्हा रस्त्यांवर नाके लागलेले, एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जायला मनाई. ज्या वर्षी भाऊजींना वेळ होता, त्याच वर्षी डोंगर बंद होता.

हॉटेलं पुन्हा भरली. पूर्वीपेक्षाही जास्त भरली. वर्तमानपत्रात वाढीचे आकडे आले, हलवा आला. त्याच सुमारास भाऊजींच्या निवृत्तीचं ठरलं. त्यांच्या जागी जी ओमानी मुलगी आली तिला त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं. निरोपाच्या दिवशी ती भाषण करायला उभी राहिली आणि रडायलाच लागली. "सरांनी मला सांगितलंय, पाहुणा बोलत असताना घड्याळ बघायचं नाही," एवढंच तिला बोलता आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई माझ्या शेजारी बसल्या होत्या, त्यांनीही वाजवल्या. टाळ्या वाजवता वाजवता त्यांना ढास लागली. ती ढास महिनाभरापासून होती आणि ताईंनी ती धुळीवर ढकलली होती.

धूळ नव्हती. फुप्फुसं आखडत चालली होती. मस्कतच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, औषधं दिली आणि चालताना दम लागेल, जपा, म्हणून सांगितलं. भाऊजींनी तिथेच विचारलं, "आम्हाला जबल अख्दरला जायचंय. गुलाब आलेत." डॉक्टर केरळचे, सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, "सर, एवढ्या उंचीवर नाही. हवा विरळ असते तिथे. तिकडे नेऊ नका." भाऊजी त्यांना समजावू लागले की वर फार उत्तम सोय आहे, खोल्या गरम असतात, जेवण सांगाल तसं मिळतं. डॉक्टर ऐकून घेत होते. शेवटी ताईच म्हणाल्या, "अहो, चला."

तरी आम्ही निघालो. ताईंनीच हट्ट धरला. "डोंगराच्या पायथ्यापर्यंत तर येईन ना मी? तिथे बसेन. तुम्ही वर जा, बघून या आणि मला सांगा. आजवर दुसऱ्यांनी पाहिलेलं सांगितलंत, आता स्वतः पाहून सांगा." हॉटेलच्या सहलींच्या गाड्या चालवणारे दापोलीकडचे एक चाचा होते, ते स्वतःची मोठी गाडी घेऊन आले. डोंगराच्या पायथ्याशी बिर्कत अल मौझ नावाचं गाव आहे. खजुरीची झाडं, केळी आणि मधून वाहणारा पाण्याचा पाट. पुढे पोलिसांचा नाका, तिथून चढ सुरू होतो. खजुरींच्या सावलीत पाटाकाठी आम्ही सतरंजी घातली. ताई, माझी बायको आणि मी तिथे थांबलो, आणि चाचा भाऊजींना घेऊन वर गेले. जाताना भाऊजींनी कोट घातला होता. एवढ्या उन्हात.

दुपार सरेपर्यंत ते येणार नाहीत असा माझा अंदाज होता. पण माझ्या बायकोनं फळं कापून ठेवली नाहीत तोच गाडी परत आली. भाऊजी उतरून पाटाच्या पलीकडेच उभे राहिले. चाचा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "साहेब वर गेलेच नाहीत. अर्ध्या घाटात वळणावर गाडी उभी करायला लावली. खाली ही खजुरीची झाडं दिसत होती, ती बघत राहिले. मग म्हणाले, चाचा, फिरव. मी बोललो, अरे अजून अर्धा डोंगर आहे. म्हणाले, फिरव."

ताईंनी ते ऐकलं. "अहो, इकडे या," त्या म्हणाल्या. भाऊजी पाट ओलांडून आले. "का परत आलात?"

"एकट्यानं काय बघायचं," भाऊजी म्हणाले.

मला वाटलं, हे ऐकून ताईंच्या डोळ्यांत पाणी येईल. आमच्या हिचे डोळे भरलेही होते. पण ताई संतापल्या. इतक्या वर्षांत त्यांना कधी आवाज चढवताना मी ऐकलं नव्हतं, आणि आता आवाज चढवायला त्यांच्याकडे श्वास नव्हता, म्हणून प्रत्येक वाक्यापाशी थांबत त्या बोलल्या. "एकट्यानं? मी नाही का बघितलं सगळं एकटीनं? पोरीची बक्षिसं एकटीनं बघितली. माझे बाबा गेले, विमानातून एकटी गेले, एकटी आले. तुम्हाला एक दिवस एकट्यानं बघवेना? माझ्यासाठी बघायचं होतं, तेही नाही बघितलंत."

कुठल्याही भाषेतली, कसल्याही पाहुण्याची तक्रार ज्यांनी हसत झेलली, त्या भाऊजींचा हात सवयीनं छातीकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. ते तिथेच पाटाच्या कडेला बसले. बूट पाण्यात गेल्याचं त्यांना कळलं नाही. चाचा गाडीत काहीतरी शोधायला निघून गेले. माझी बायको कापलेल्या फळांकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं ताईंनी श्वास सावरला आणि म्हणाल्या, "बूट काढा ते. भिजलेत." मग थोड्या वेळानं, "खाऊन घ्या काहीतरी." परतीच्या वाटेवर दोघं मागच्या सीटवर बसली होती. आरशात दिसलं, भाऊजींनी ताईंचा हात धरला होता आणि ताई खिडकीबाहेर बघत होत्या. हात मात्र त्यांनी काढून घेतला नव्हता.

त्या उन्हाळ्यात दोघं पुण्याला परतली. ताईंना पुढचा वसंत मिळाला नाही. आम्ही गेलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मुलगी कॅनडातून आली होती, अडखळत्या मराठीत येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलत होती. भाऊजी खुर्चीत बसून होते. लोक आले, लोक गेले. भाऊजी कुणाच्याही स्वागताला उठले नाहीत. त्यांना तसं बसलेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो.

यंदा गुलाबांच्या दिवसांत ते आमच्याकडे मस्कतला आले. त्यांनी स्वतःच फोन करून विचारलं होतं, "येऊ का?" आता त्यांच्याकडे कामाचा व्हिसा नव्हता. विमानतळावर कोवळ्या वयाच्या अधिकाऱ्यानं त्यांना विचारलं, टूरिस्ट का, आणि त्यांनी हो म्हटलं. हे त्यांनी मला गाडीत सांगितलं. रस्त्यात नवीन हॉटेलं उभी राहत होती. मी मुद्दाम दाखवली, यंदाही म्हणे वाढ चांगली आहे, असंही सांगून पाहिलं. "असेल," ते म्हणाले.

आम्ही त्यांना डोंगरावर घेऊन गेलो. अर्ध्या घाटात, खालची खजुरीची झाडं दिसतात त्या वळणावर मी गाडीचा वेग कमी केला, पण ते सरळ पुढे बघत होते, म्हणून थांबलो नाही. वर गारवा होता. पायऱ्यापायऱ्यांची शेतं, त्यांच्या कडेनं गुलाबाची झुडपं, फुलं मी समजत होतो त्याहून लहान आणि फिकट गुलाबी. पाकळ्या खुडायचं सकाळचं काम आटोपलं होतं, एका घरातून भट्टीचा धूर येत होता. भाऊजींनी कसलंही वर्णन केलं नाही. कुठे काय आहे हे कुणाला दाखवलं नाही. एक परदेशी बाई वाट चुकून त्यांच्यापाशी आली, तिला त्यांनी मान हलवून सांगितलं, मला माहीत नाही. मग ते हळूहळू चालत एका शेताच्या दगडी बांधापाशी गेले आणि समोर बघत बसले. उन्हं उतरू लागली होती. माझ्या बायकोनं थर्मासमधला चहा कपात ओतला आणि नेऊन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला, एका बाजूला दगडावर ठेवला, आणि दुसऱ्या बाजूला थोडं सरकून बांधावर एका माणसापुरती जागा केली.

आम्ही दोघं उभेच राहिलो. तिथे जाऊन कुणी बसलं नाही.